आरसी गाडीचे शॉक बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी मैदानात आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्या उतरल्या की तासाभरात कुणीतरी एक चाक लोंबकळणारी गाडी घेऊन येतं आणि विचारतं, "शॉकअप कुठले टाकू?" मी उलट विचारतो, "जुना किती मिलिमीटरचा आहे?" त्यावर बहुतेक वेळा शांतता. मग मोबाईलवर निळ्या ॲल्युमिनियमचा एक चकचकीत फोटो दाखवला जातो. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं एका जागी लिहून काढली. बहुतेक गोष्टी विजेवर चालणाऱ्या १/१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या) आणि त्याच्या आसपासच्या गाड्यांना धरून आहेत.

शॉक खरंच बदलायला हवेत, की दुरुस्त होतील?

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना नवे शॉक लागतच नाहीत. ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) आणि ताजं तेल एवढ्यावर काम होतं. शॉक गाडीवरून काढा, स्प्रिंग काढा आणि नुसता शाफ्ट हाताने सावकाश आत-बाहेर करा. पूर्ण अंतरात विरोध सारखा लागला पाहिजे. सुरुवातीला रिकामा रिकामा वाटून मध्येच जड झाला तर आत तेल कमी आणि हवा जास्त आहे. शाफ्टपाशी ओलसर काळा चिखल जमला असेल तर खालची ओ-रिंग गेली आहे. या दोन्हींवर नवा शॉक हा उपाय नाही.

शाफ्ट काढून आरशावर किंवा काचेवर लोळवा. डुगडुगला तर वाकला आहे, तो सुटा मिळत असेल तर तेवढाच बदला. बॉडीच्या आत ओरखडे, टोपीचे आटे गेलेले, वरचं भोक फाटलेलं, किंवा त्या मॉडेलचे सुटे भागच बंद झालेले असतील, तर मात्र नव्या जोडीकडे वळा.

माझ्या शॉकमध्ये तेलच नाही. तो खराब आहे का?

नाही, तो तसाच असतो. टामियाच्या टीटी-०२ सारख्या सुरुवातीच्या किटमध्ये साधारणपणे घर्षणावर चालणारे बिनतेलाचे शॉक येतात. आत स्प्रिंग असते, दांडा प्लास्टिकवर घासतो, संपलं. गुळगुळीत पार्किंगमध्ये चालतं, पण जरा खडबडीत जागा आली की गाडी चेंडूसारखी टप्पे घेते. इथे मात्र शॉक बदलण्याचा पैसा पुरेपूर वसूल होतो. टीटी-०२ ला टामियाचेच सीव्हीए सुपर मिनी हे प्लास्टिकचे तेलाचे शॉक लोक वर्षानुवर्षं लावत आले आहेत.

माप नेमकं कसं घ्यायचं?

इथे घाई करू नका. बाकी सगळं चुकलं तरी नंतर सुधारता येतं, लांबी चुकली तर नाही.

दोन मापं लागतात. पहिलं, शॉक पूर्ण ताणलेला असताना वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुसरं, स्प्रिंग काढून तो पूर्ण दाबल्यावरचं तेच अंतर. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर शाळेची पट्टीही चालते. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने आभाळ कोसळत नाही. टोकापासून टोकापर्यंत मात्र मोजू नका. विक्रेते कधी टोकं मोजतात, कधी भोकांचे मध्य, आणि या फरकात सहज ६-७ मि.मी. जातात.

जुना शॉक हरवला असेल किंवा आधीच्या मालकाने भलताच लावला आहे असा संशय असेल, तर माप गाडीकडूनच घ्या. शॉक काढा. चाकाचा आर्म वर उचला, चेसिसचा तळ जमिनीला टेकेल त्या पातळीपर्यंत. आता टॉवरवरच्या (शॉकचं वरचं टोक जिथे अडकतं त्या उभ्या पट्टीवरच्या) स्क्रूपासून आर्मवरच्या स्क्रूपर्यंत मोजा. नव्या शॉकची दाबलेली लांबी याहून थोडी कमीच हवी. ती जास्त असेल तर चेसिस टेकण्याआधी शॉकचा तळ गाठला जातो आणि उडीचा सगळा दणका टोपीवर किंवा टॉवरवर बसतो. मग आर्म खाली सोडा, जिथपर्यंत ड्राइव्हशाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) न अडकता मोकळा फिरतो तिथपर्यंतच, आणि पुन्हा मोजा. ही ताणलेल्या लांबीची कमाल मर्यादा.

जुन्यापेक्षा १० मि.मी. लांब घेतले तर गाडी उंच होईल ना?

होईल, आणि आणखीही बरंच काही होईल. मी हा प्रयोग केला आहे. पहिल्या गाडीला मागे लांब शॉक लावले, गाडी टेबलावर झकास दिसत होती. मैदानात तिसऱ्या उडीला मागचं चाक हवेत खाली लटकलं, डॉगबोन, म्हणजे तो ड्राइव्हशाफ्टचा दांडाच, कपातून निसटलं आणि गवतात गेलं. ते शोधण्यात अर्धी दुपार गेली. जमिनीवर आर्म तिरका राहिला की ड्राइव्हशाफ्टचा कोनही वाढतो, सांधे लवकर झिजतात आणि वळताना गाडी उलटायला बघते.

चुकून लांब आलेच असतील तर ते कमी करता येतात. शॉक उघडून शाफ्टवर, पिस्टनच्या (शाफ्टच्या आतल्या टोकाच्या भोकं असलेल्या चकतीच्या) खाली, नायट्रो गाडीच्या इंधननळीचा छोटा तुकडा किंवा प्लास्टिकचे वॉशर घाला. शाफ्ट तेवढा कमी बाहेर येतो. मात्र दाबलेली लांबी याने बदलत नाही, ती आधीच जास्त असेल तर हा उपाय निरुपयोगी.

पाकिटावर १/१० लिहिलंय, म्हणजे बसेल ना?

स्केलवरून शॉक घेऊ नका. १/१० टूरिंग कारचा शॉक बोटाच्या दोन पेरांएवढा असतो आणि १/१० बग्गीचा मागचा शॉक त्याच्या दीडपट ते दुप्पट. शॉर्ट कोर्स ट्रकचे वेगळे, दगडांवर चढणाऱ्या क्रॉलरचे आणखी वेगळे. सगळ्यांवर १/१० च लिहिलेलं असतं. चिनी १/१२ आणि १/१४ बग्ग्यांत तर एकाच कंपनीच्या, सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलांचे शॉकही वेगळे निघू शकतात. गाडीचा पूर्ण मॉडेल नंबर आणि मिलिमीटर, या दोनच गोष्टींवर विश्वास ठेवा.

स्क्रू आणि बॉलचं काय?

१/१० मध्ये बहुतेक ठिकाणी एम३ स्क्रू, १/८ मध्ये एम४ भेटतो, लहान गाड्यांत २ ते २.५ मि.मी. खालच्या टोकाला प्लास्टिकच्या वाटीत धातूचा गोळा असतो. तो गोळा जुन्या शॉकमधून काढून नव्यात बसेल असं धरून चालू नका. वरचं भोक मोठं असेल तर पितळी बुश घालून जमवता येतं. लहान भोक ड्रिलने मोठं करायला गेलात तर भोवतीचं प्लास्टिक पातळ होतं आणि ते नेमकं घरापासून लांब असताना तुटतं.

शॉकची जाडीही बघा. बिग बोअर म्हणजे जाड बॉडीचे शॉक टॉवरवर बसतात, पण स्प्रिंग आर्मला, बॉडीपोस्टला किंवा पुढच्या चाकाला आतून घासते. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि आर्म पूर्ण दाबून एकदा तपासायचंच.

ॲल्युमिनियम चांगले की प्लास्टिक?

दुकानदाराला विचाराल तर ॲल्युमिनियम. मला विचाराल तर, ॲल्युमिनियम कुणाचं?

ॲल्युमिनियमचे खरे फायदे आहेत. आटे टिकतात, कडक दणक्याला टोपी उडत नाही, उष्णता बाहेर जाते, आतला पृष्ठभाग नीट केलेला असेल तर पिस्टन गुळगुळीत सरकतो. पण स्वस्तातल्या रंगीत ॲल्युमिनियम शॉकमध्ये बॉडी तेवढी धातूची आणि आतला माल सुमार असतो: ढिला पिस्टन, कडक ओ-रिंग, खरखरीत शाफ्ट. शाफ्ट चिकटत पुढे जात असेल तर छोट्या खड्ड्यांना शॉक हलतच नाही. अशा शॉकपेक्षा गाडीबरोबर आलेला, नीट तेल भरलेला प्लास्टिक शॉक केव्हाही बरा. वर ॲल्युमिनियम आपटल्यावर वाकतं आणि वाकलेलंच राहतं, प्लास्टिक बऱ्याचदा लवून परत येतं.

माझी वाटणी अशी: उड्या मारणारी जड गाडी असेल तर ॲल्युमिनियम टोपी आणि ॲल्युमिनियम बॉडी, चांगल्या कंपनीची. हलकी बग्गी, टूरिंग किंवा नवशिक्या चालक असेल तर प्लास्टिक ठेवा आणि वाचलेल्या पैशांत तेलाच्या दोन बाटल्या घ्या.

बाजूला छोटी टाकी असलेले शॉक जास्त भारी असतात का?

स्वस्त जोड्यांमधली ती टाकी बहुधा भरीव दांडकं असतं. आत तेल जात नाही, वजन तेवढं वाढतं. दिसायला आवडत असेल तर खुशाल घ्या, शोकेसच्या गाडीला शोभतं.

स्प्रिंग कडक घ्यावी की नरम? रंगावरून कळतं का?

रंगावरून फक्त त्याच कंपनीच्या त्याच मालिकेत कळतं. टामियाच्या टूरिंग स्प्रिंगांत लाल नरम, पिवळी मध्यम, निळी कडक. दुसऱ्या कंपनीत तीच लाल कडक टोकाला असू शकते. आकडा दिला असेल तर तोच वाचा: न्यूटन प्रति मि.मी. किंवा पौंड प्रति इंच. १ पौंड प्रति इंच म्हणजे सुमारे ०.१७५ न्यूटन प्रति मि.मी.

पण नवी स्प्रिंग मागवायच्या आधी आर्मवरची भोकं बघा, कारण तिथे फुकटात बराच फरक पडतो. समजा शॉकचं खालचं टोक आर्मच्या बिजागरीपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या ६० टक्क्यांवर आहे. मग चाकाला जाणवणारा कडकपणा हा स्प्रिंगच्या ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.३६ पट. तेच टोक ७० टक्क्यांवर सरकवलं तर ०.४९ पट. एक भोक बाहेर गेलात आणि गाडी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कडक झाली, स्प्रिंग तीच. शॉकचा तिरकेपणा यात धरलेला नाही. टॉवरवर वरचं टोक आत घेतलं की शॉक जास्त आडवा होतो आणि सुरुवातीला नरम वागतो. एवढं सरकवूनही जमलं नाही तरच स्प्रिंग बदला. भोक बदललंत की वरची दोन्ही मापं पुन्हा घ्यायची हे विसरू नका.

जड बॅटरी टाकल्यावर मागचा भाग बसत असेल, तर मागच्या स्प्रिंगा एक पायरी कडक. चारही बदलायची गरज नाही.

कॉलर (स्प्रिंगवरची फिरणारी कडी) खाली फिरवली की स्प्रिंग कडक होते ना?

हा मैदानातला सगळ्यात हट्टी गैरसमज. कॉलर फिरवल्याने किंवा क्लिप घातल्याने गाडीची उंची बदलते, सरळ स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहतो. फार आवळली तर शॉक पूर्ण ताणलेलाच राहतो आणि चाकाला खड्ड्यात खाली जायला जागा उरत नाही. बग्गीत बॅटरीसकट गाडी थोडी वरून सोडून बसू द्या. मागचे ड्राइव्हशाफ्ट साधारण जमिनीला समांतर आले की ती सुरुवातीची उंची.

तेल किती नंबरचं?

आधी नव्या शॉकच्या किंवा गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेलं. त्यानंतर एक गोष्ट ध्यानात ठेवा: बाटलीवरचा वेट हा आकडा कंपनीगणिक वेगळा असतो. टीम असोसिएटेडचं ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक (तेलाचा घट्टपणा मोजायचं एकक) आणि ४० वेट म्हणजे ५०० सेंटिस्टोक. दुसऱ्या कंपनीचं ३० तेवढंच घट्ट असेल याची खात्री नाही. म्हणून तुलना करायची तर सेंटिस्टोकमध्ये करा, हल्ली बऱ्याच बाटल्यांवर तो आकडा छापलेला असतो. आणि डिफरन्शियलचं तेल चुकून उचलू नका. तेही सिलिकॉनचंच, बाटलीही तशीच, पण आकडा हजारांत असतो. ते भरलंत तर शॉकची काठी होते.

उन्हात तेल पातळ होतं. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी जे तेल पाण्यासारखं वाटतं तेच डिसेंबरच्या सकाळी ठीक वाटतं. उन्हाळ्यात एक पायरी घट्ट तेल घातलं की पुरतं.

इंजिन ऑइल, शिलाई मशीनचं तेल, बाईकच्या फोर्कचं तेल चालेल का?

नको. ही बहुतेक खनिज तेलं आहेत, आणि बऱ्याच आरसी शॉकमध्ये असणाऱ्या सिलिकॉन रबराच्या ओ-रिंग त्यात फुगून मऊ पडतात. पहिला आठवडा छान जातो, म्हणूनच लोक फसतात. मग शाफ्ट जड होतो आणि शेवटी गळती. शिवाय तापमानाबरोबर खनिज तेल सिलिकॉनपेक्षा बरंच जास्त बदलतं. शॉकचं सिलिकॉन तेल एका गाडीला इतकं थोडं लागतं की इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

पिस्टनला भोकं किती असावीत?

सुरुवातीला जी आली आहेत तीच राहू द्या. फक्त तत्त्व समजून घ्या, कारण तेल आणि पिस्टन वेगवेगळ्या वेळी बोलतात. गाडी वळणात सावकाश झुकते तेव्हा तेलाचा घट्टपणा जाणवतो. उडीवरून आपटते तेव्हा शाफ्ट झपकन आत जातो, तेल बारीक भोकांतून पुरेसं जाऊच शकत नाही आणि शॉक क्षणभर अडून बसतो. उडीच्या मैदानात ते हवंहवंसं, खडबडीत रस्त्यावर मात्र त्यामुळेच गाडी खड्ड्यांवर नाचते. म्हणून खडबडीत जागेला मोठी भोकं आणि जरा घट्ट तेल, हा जोड आधी करून बघा.

ब्लॅडर म्हणजे काय आणि तो हवाच का?

शाफ्ट आत जातो तेव्हा तो तेलाची जागा घेतो. ३ मि.मी. जाडीचा शाफ्ट २५ मि.मी. आत गेला तर सुमारे ०.१८ मिलिलिटर तेलाने जायचं कुठे? टोपीखालचा रबरी ब्लॅडर दबून ती जागा देतो. ब्लॅडर नसलेल्या, इमल्शन प्रकारच्या शॉकमध्ये मुद्दाम थोडी हवा ठेवतात आणि ती तेलात मिसळते. दोन्ही चालतात. ब्लॅडरवाले जास्त सुसंगत वागतात. इमल्शनवाल्यांना बसवल्यावर दहा-वीस वेळा दाबून तेल-हवा एकजीव करावी लागते, मग तेही शहाण्यासारखे वागतात.

चारही शॉक सारखे घेतले तर?

बऱ्याच ऑफरोड गाड्यांत पुढचे आखूड आणि मागचे लांब असतात. ट्रॅक्सासच्या टू-व्हील ड्राइव्ह स्लॅशचंच बघा, दोन्हीकडचे वेगळे आहेत. चार एकसारख्यांचा सेट स्वस्त दिसला म्हणून उचललात तर एक बाजू हमखास बिघडते. तुमच्या गाडीला चारही सारखेच येत असतील, तरी स्प्रिंग पुढे-मागे वेगळी असू शकते.

एकच मोडलाय, एकच बदलू?

त्याच मॉडेलचा असेल तर बदला, पण त्या जोडीतल्या दुसऱ्यातही तेच ताजं तेल भरा. वेगळ्या कंपनीचा असेल तर जोडीच बदला, नाहीतर गाडी डावीकडे एक वळण घेते आणि उजवीकडे दुसरंच.

तेल भरताना हवा जातच नाही, काय करू?

शाफ्ट पूर्ण खाली ओढा, बॉडी उभी धरून काठापर्यंत तेल भरा आणि पिस्टन सावकाश वर-खाली करा. जोरात केलं तर बुडबुडे वाढतात. मग शॉक उभा ठेवून चहा घेऊन या. दहा मिनिटांत बुडबुडे वर येतात. पुन्हा काठोकाठ भरा, ब्लॅडर तिरका टेकवत बसवा, शाफ्ट थोडा आत ढकला म्हणजे जादा तेल बाहेर येतं, आणि टोपी लावा. शाफ्ट पूर्ण दाबून सोडल्यावर डावा-उजवा सारखाच बाहेर आला पाहिजे. एक झटकन येतो आणि दुसरा आळसावतो, तर ज्यात तेल जास्त आहे तो पुन्हा उघडा.

पिस्टनची ई-क्लिप स्टीलच्या ताटात काम करूनच काढा. उडाली तर आवाज तरी येतो.

बसवल्यावर बरोबर झालंय हे कसं कळायचं?

गाडी सपाट धरून गुडघ्याच्या जरा खालून जमिनीवर सोडा. तळ हलकेच टेकावा आणि गाडी तिथेच बसावी. तळ जोरात आपटला तर तेल घट्ट करा, उसळून पुन्हा वर आली तरी तेल घट्टच करा. टेकलीच नाही आणि दगडासारखी उभी राहिली तर उलट दिशेने जा. नंतर पाच मिनिटं चालवून आर्म, स्प्रिंग आणि चाकाच्या आत घासल्याच्या खुणा बघा.

क्रॉलरला हेच नियम लागू का?

लांबी मोजण्याचे हो, बाकी उलटे. क्रॉलर उडत नाही, दगडांवर सावकाश चढतो. त्याला नरम स्प्रिंग आणि पातळ तेल लागतं, आणि उभी असतानाच शॉक बराच दबलेला हवा, म्हणजे चाकाला खाली लोंबायला जागा राहते. क्रॉलरचे शॉक ९० किंवा १०० मि.मी. अशा सरळ लांबीवर विकतात, त्यामुळे निवड सोपी असते. फक्त ९० च्या जागी १०० टाकून गुरुत्वमध्य उगाच वर नेऊ नका. आडव्या उतारावर पहिली लोळण तिथेच मिळते.

पावसात, चिखलात चालवतो. काही वेगळं घ्यावं का?

कोकणातली लाल माती असो की देशावरची काळी, ओली माती शाफ्टवर वाळली की तिचं पॉलिशपेपर होतं आणि ओ-रिंग खाते. शाफ्टवर रबरी बूट येणारे शॉक मिळत असतील तर घ्या. नसतील तर घरी आल्याआल्या मऊ ब्रशने शाफ्ट स्वच्छ करा. प्रेशरचं पाणी थेट ओ-रिंगपाशी मारू नका, माती उलट आत जाते.

जुन्या शॉकचं काय करू?

फेकू नका. स्प्रिंगा, गोळे, खालच्या वाट्या, न वाकलेले शाफ्ट आणि टोप्या एका डबीत ठेवा, डबीवर मॉडेल नंबर आणि दोन्ही लांब्या लिहा. पुढच्या वेळी मोजायला जुना शॉक हाताशी असेल, आणि मैदानात कुणाचा तरी गोळा हरवलेला असतोच.